चार हजार घोडे आणि एक स्प्रिंग

हुबळीच्या डिझेल शेडची डब्ल्यूडीजी-४ इंजिनं एकेकी ४००० अश्वशक्तीची. अमेरिकन धाटणीची ही जात भारतात १९९९ मध्ये आली आणि कॅसलरॉक ते कुळे हा ३७ फुटांत एक फूट चढणारा घाट मालगाड्यांसकट चढत आली. सोळा सिलिंडर, एकेक साडेअकरा लिटरच्या वर. हवा लायनरच्या भोकांतून आत येते, म्हणून व्हॉल्व्ह फक्त धूर सोडायला, दर सिलिंडरला चार. एवढा राक्षस पळतो मात्र मिनिटाला जेमतेम ९०४ फेऱ्यांवर. टू-स्ट्रोक असल्याने त्याचा व्हॉल्व्ह सेकंदाला पंधरा वेळा उघडतो.

आता रॅलीवाल्यांची लाडकी मारुती जिप्सी घ्या. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, कंपनीच्या हिशेबाने ६००० फेऱ्यांवर ८० अश्वशक्ती. ती ‘बनवून’ ७२०० वर नेली, की फोर-स्ट्रोक असूनही प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला साठदा उघडतो. व्हॉल्व्हट्रेन मरते ती घोड्यांनी नाही, फेऱ्यांनी. फेऱ्या वाढल्या की व्हॉल्व्हला मागे खेचायला लागणारं बळ वर्गाच्या पटीत वाढतं. ६००० वरून ७५०० म्हणजे दीडपटीहून जास्त. स्प्रिंग तेवढं देऊ शकली नाही तर रॉकर कॅमवरून सुटतो, व्हॉल्व्ह उशिरा बसतो आणि सीटवर आपटून उडतो. यालाच फ्लोट म्हणतात.

गाडी बनवणारे मात्र आधी कॅम टाकतात. कॅमचा आवाज ऐकू येतो, स्प्रिंगचा नाही, हे माझं सरळ मत. जास्त लिफ्टच्या कॅमखाली जुनीच स्प्रिंग ठेवली तर पूर्ण उघडताना तिचे वेढे एकमेकांना टेकतात. मग दाबायला जागाच नाही. रॉकर मोडतो किंवा कॅमचं नाक सोलून निघतं.

तुटलेल्या स्प्रिंगचं तोंड भिंगाखाली धरा. एका कडेला गंजाचा ठिपका किंवा ओरखडा. तिथून निघालेल्या गुळगुळीत अर्धगोल रेषा. आणि शेवटी खरखरीत, दाणेदार भाग. गुळगुळीत भाग हळूहळू चिरत गेलेला, खरखरीत भाग शेवटच्या झटक्यात गेलेला. म्हणून चांगल्या स्प्रिंगांवर बारीक छर्रे मारून पृष्ठभाग आधीच दाबून ठेवतात. स्प्रिंग गेली की व्हॉल्व्हला धरणारे कॉलेट सुटू शकतात, मग व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो, आणि पिस्टनसकट हेडचाही निकाल लागतो.

स्प्रिंगच नको, असंही काहींनी करून पाहिलं. मर्सिडीजच्या डब्ल्यू-१९६ रेसगाडीत १९५४ साली व्हॉल्व्ह बंद करायलाही कॅमच होता. डुकाटी ती पद्धत काही इंजिनांत आजही वापरते. रेनॉने १९८६ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये स्प्रिंगच्या जागी दाबाखालचा वायू आणला. हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या गॅरेजात यातलं काही येणार नाही. तिथे योग्य स्प्रिंग, बसवलेल्या उंचीचं माप आणि पूर्ण लिफ्टला वेढ्यांत उरलेली फट, एवढं तपासलं तरी पुष्कळ.

तरीही व्हॉल्व्ह मोडायची एक वाट उरते. पाचव्यातून चौथ्यात जायचं आणि गिअर दुसऱ्यात पडला, तर रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही. तो इंधन किंवा ठिणगी तोडतो. पण आता इंजिनाला चाकंच फिरवत असतात. नंतर हेड उघडल्यावर पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हच्या कडेची कोर उमटलेली सापडली, तर त्या व्हॉल्व्हची दांडी सरळ दिसते म्हणून परत बसवू नये. आणि बिलाकडे न बघता स्प्रिंगा मात्र सोळाच्या सोळा बदलाव्यात.