कागदाचा तीन टनी ट्रक

जुलैत विरारला कागदकाम काढू नये. मी काढलं. दुसऱ्या महायुद्धातला शेवरोले तीन टनी ट्रक, 1:25 मापात. खऱ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 158 इंच, माझ्या टेबलावर ते 16 सेंटिमीटर. चासीचे दोन्ही दांडे रात्री चिकटवून वर जाडजूड पुस्तकं ठेवली. सकाळी पाहतो तर एक दांडा पिळला होता. चाकं तात्पुरती बसवून गाडी काचेवर ठेवली, तर मागच्या उजव्या चाकाखालून पोस्टकार्ड आरपार गेलं.

मग वसई गावातल्या एका बाइंडरकाकांकडे गेलो. त्यांनी दांडा हातात फिरवला. "अहो, एक थर उभ्या ग्रेनचा, म्हणजे उभ्या तंतूंचा, एक आडव्या. दोघं ओढणारच. आणि या हवेत पातळ खळ नको. पाऊस जाऊ द्या."

थांबलो. तोवर केबिन कापत बसलो.

याच ट्रकवर जीव जडायला कारण आहे. कॅनडातल्या फोर्ड आणि शेवरोलेवाली जनरल मोटर्स या एकमेकींच्या स्पर्धक कंपन्यांनी युद्धासाठी एकाच नमुन्याच्या गाड्या काढल्या. कॅनडाने त्या काळात 8 लाखांवर लष्करी वाहनं बनवली, त्यांत या घराण्याचा वाटा मोठा. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना 1928 पासून आपल्या शिवडीला होता, युद्धात तिथेही लष्करी गाड्या जोडल्या गेल्या. आफ्रिकेच्या वाळवंटापासून ब्रह्मदेशापर्यंत आपले जवान असल्या ट्रकमधून गेले.

गाडीचं नाक आखूड, म्हणजे जहाजात जागा कमी लागते. इंजिन जवळजवळ ड्रायव्हरच्या मांडीला. 1941च्या अखेरीला आलेल्या केबिनची पुढची काच वरच्या बाजूने पुढे झुकलेली आहे, तिची चमक वरून विमानाला दिसू नये म्हणून. बाकी पत्रा बराचसा सपाट, सरळ घडीचा. कागदाला हेच मानवतं. तो एका दिशेला हवा तसा वळतो, पण एकदम दोन दिशांना वळवू गेलात की सुरकुततो. वाटीसारख्या गोलाईसाठी पाकळ्या कापून जोडाव्या लागतात. भराभर गाड्या काढणाऱ्या कारखान्यालाही खोल दाबाचा पत्रा परवडत नव्हता. त्यांची आणि माझी अडचण एकच, हे केबिनची पहिली घडी घालताना बोटांना कळलं.

घडीची रेघ संपलेल्या बॉलपेनने दाबायची. कापलेली पांढरी कड ट्रकच्याच हिरव्या रंगाने आधी रंगवायची, नाहीतर जोड उघडे पडतात. सगळ्यात वेळ खाल्ला टायरांनी: 1 मिलिमीटर गत्त्याच्या अकरा-अकरा चकत्या, एकावर एक. कडेला फेविक्विक मुरवलं की गत्ता लाकडासारखा कडक होतो, मग पॉलिश पेपरवर हळूहळू गोल करायचा. एका चाकाला एक संध्याकाळ लागते. ताडपत्री पतंगाच्या कागदाची. पाण्यात कालवलेलं फेविकॉल लावून कमानींवर टाकली, तर वाळताना कमानींमध्ये अगदी खऱ्यासारखी खचली. ती पाहत मी बराच वेळ बसलो होतो.

ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात चासी नव्याने केली, दोन्ही थर एकाच ग्रेनचे. दोन दिवस वजनाखाली ठेवली. काल रात्री ट्रक काचेवर ठेवला आणि तेच पोस्टकार्ड चारही चाकांशी लावून पाहिलं. कुठेच सरकलं नाही.