भाताची लवकर कापणी आणि पीक विम्याचे नियम : रोहा तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील रोहा तालुका हा औद्योगिक व कृषी अशा दोन्ही अंगांनी ओळखला जातो. कुंडलिका नदीच्या खोऱ्यात धाटाव येथील औद्योगिक वसाहतीच्या आसपास आजही भातखाचरे आहेत. खरीप हंगामातील भात हे येथील मुख्य पीक असून काळ प्रकल्पाच्या कालव्यांचे पाणी मिळते तेथे उन्हाळी भातही घेतला जातो. शेजारच्या पेण तालुक्यात खारजमिनीवरील भातशेती आहे. या सर्व शेतकऱ्यांपुढे दरवर्षी आश्विन महिन्यात एकच प्रश्न उभा राहतो. पीक पूर्ण तयार होण्यास आठ-दहा दिवस उरले आहेत आणि परतीच्या पावसाची चिन्हे दिसत आहेत. अशा वेळी कापणी करावी की थांबावे?

हा प्रश्न केवळ शेतीशास्त्राचा नाही. ज्या शेतकऱ्याने पिकाचा विमा उतरविला आहे, त्याच्या दृष्टीने कापणीचा दिवस हा विम्याच्या नियमांशीही जोडलेला असतो. उभ्या पिकाचे नुकसान व कापलेल्या पिकाचे नुकसान यांत विमा फरक करतो. हा फरक अनेक विमाधारकांना नुकसान झाल्यानंतरच कळतो. तो आधी समजावा, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कापणीची योग्य वेळ

भाताच्या जातींचे हळव्या, निमगरव्या आणि गरव्या असे तीन गट पडतात. कर्जत येथील संशोधन केंद्राची 'कर्जत-३' ही हळवी जात साधारणतः ११० ते ११५ दिवसांत तयार होते, तर गरव्या जातींना याहून सुमारे महिनाभर अधिक लागतो. म्हणून एकाच गावात ऑक्टोबरच्या आरंभापासून नोव्हेंबरपर्यंत कापणी चालू असते.

फुलोऱ्यानंतर सुमारे एक महिन्याने, लोंबीतील ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले म्हणजे कापणी करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. या वेळी दाण्यातील ओलावा २० ते २५ टक्के असतो. त्यापूर्वी कापणी केल्यास लोंबीच्या तळाचे दाणे पूर्ण भरत नाहीत, वजन घटते व भरडताना कणी अधिक पडते. फार उशीर केल्यास दाणे गळतात व पीक लोळते. कापलेले भात कडप्यांच्या रूपाने शेतातच वाळत घातले जाते, नंतर त्याचे भारे बांधून खळ्यावर झोडणी होते. कडपे शेतात असतानाचे हे काही दिवस सर्वाधिक जोखमीचे असतात.

विम्याचे मूलतत्त्व : क्षेत्र आधार

भारतातील पीक विमा व्यक्तीच्या शेतावर आधारलेला नसून क्षेत्रावर आधारलेला आहे. पुण्यातील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये या पद्धतीचा पुरस्कार केला. पुढे १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना, १९९९-२००० च्या रब्बी हंगामापासूनची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ च्या खरिपापासूनची प्रधानमंत्री पीक विमा योजना या तिन्ही योजनांनी क्षेत्र आधार स्वीकारला.

या पद्धतीत अधिसूचित क्षेत्रात, उदाहरणार्थ एखाद्या महसूल मंडळात, पीक कापणी प्रयोग घेतले जातात. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा भूखंड आखून त्यातील पीक कापतात, झोडतात व वजन करतात. अशा प्रयोगांची सरासरी म्हणजे त्या मंडळाचे प्रत्यक्ष उत्पन्न होय. मागील सात वर्षांपैकी सर्वोत्तम पाच वर्षांच्या सरासरीस जोखीमस्तराने गुणले असता उंबरठा उत्पन्न मिळते.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. एका मंडळाचे सात वर्षांचे हेक्टरी उत्पन्न २८, ३०, २४, ३२, १८, २९ व ३१ क्विंटल आहे. सर्वोत्तम पाच वर्षांची सरासरी ३० क्विंटल येते. जोखीमस्तर ७० टक्के धरल्यास उंबरठा उत्पन्न २१ क्विंटल ठरते. यंदाचे प्रत्यक्ष उत्पन्न १६.८ क्विंटल आले, तर तूट ४.२ क्विंटल, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के होते. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये असेल, तर मंडळातील प्रत्येक विमाधारकास हेक्टरी १०,००० रुपये मिळतील. याउलट प्रत्यक्ष उत्पन्न २२ क्विंटल आले, तर कोणा एकाचे पीक पूर्ण गेले असले तरी या आधारावर भरपाई मिळणार नाही.

लवकर कापणीचे तीन परिणाम

पहिला परिणाम वैयक्तिक आहे. एखाद्या शेतकऱ्याने आपले भात आठ दिवस आधी कापले म्हणून उत्पन्नावर आधारित भरपाईचा त्याचा हक्क जात नाही, कारण ती भरपाई मंडळाच्या सरासरीवर ठरते. मात्र त्याचे शेत प्रयोगासाठी निवडले असेल, तर संबंधित कर्मचाऱ्यास कळविल्याशिवाय कापणी करू नये. शेत आधीच कापले गेल्यास प्रयोग दुसऱ्या शेतात न्यावा लागतो.

दुसरा परिणाम सामूहिक आहे. पावसाच्या अंदाजामुळे सर्वच गावांनी घाईने कापणी केली, तर प्रयोगही अपुऱ्या भरलेल्या पिकावर होण्याचा संभव असतो. प्रयोगात ओल्या दाण्याचे वजन वाळलेल्या दाण्यात रूपांतरित करण्याची सोय आहे, परंतु ती फक्त पाण्याचा हिशेब करते. जो दाणा भरलाच नाही, त्याचे वजन ती परत देऊ शकत नाही. असे कमी उत्पन्न त्या वर्षी भरपाईस उपकारक ठरले, तरी पुढील वर्षांच्या इतिहासात ते नोंदले जाते. सर्वोत्तम पाच वर्षांचा नियम एक-दोन वाईट वर्षे वगळतो, परंतु अशी वर्षे दोनांहून अधिक झाली की उंबरठा खाली येतो व पुढील संरक्षण कमी होते.

तिसरा परिणाम सर्वांत गंभीर आहे. प्रयोगात पीक कापून लगेच वजन केले जाते. त्यामुळे कापणीनंतर कडप्यांत भिजलेले, कोंब आलेले वा वाहून गेलेले भात प्रयोगाच्या आकड्यात दिसतच नाही. मंडळाचे उत्पन्न चांगले नोंदले जाते आणि शेतकऱ्याच्या हाती मात्र काळे पडलेले दाणे येतात.

काढणीपश्चात नुकसानीची तरतूद

ही उणीव भरून काढण्यासाठी २०१० नंतरच्या सुधारित राष्ट्रीय कृषी विमा योजनेत किनारपट्टीच्या भागात चक्रीवादळाने होणाऱ्या काढणीपश्चात नुकसानीचा समावेश झाला. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत ही तरतूद विस्तारली. शेतात कापून पसरलेल्या अथवा लहान पेंढ्यांच्या स्थितीत वाळत असलेल्या पिकास कापणीपासून कमाल १४ दिवस संरक्षण देण्याची त्यात सोय आहे. गारपीट, चक्रीवादळ, चक्रीवादळजन्य पाऊस व अवकाळी पाऊस ही त्याची कारणे असून नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. येथे नुकसानीची पाहणी वैयक्तिक शेतावर होते. झोडणी झालेल्या धान्यास हे संरक्षण नाही.

या तरतुदीचे महत्त्व २०१९ मध्ये दिसून आले. ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रातील 'क्यार' चक्रीवादळाच्या काळात कोकणात ऐन कापणीत पाऊस झाला. उभे व कापलेले असे दोन्ही भात भिजले. नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यपालांनी खरीप पिकांसाठी दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी ८,००० रुपयांची मदत जाहीर केली. परंतु ही शासकीय मदत होती, विम्याची भरपाई नव्हे. दोहोंचे नियम व पंचनामे वेगळे असतात.

मात्र ही जादा संरक्षणे लागू करणे राज्याच्या अधिसूचनेवर अवलंबून असते. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याने केवळ एक रुपया भरावयाची योजना होती. २०२५ च्या खरिपात ती बंद होऊन शेतकऱ्याचा दोन टक्के हप्ता पुन्हा लागू झाला. त्याचबरोबर काढणीपश्चात नुकसान, स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती व पेरणी न होणे हे घटक वगळून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांवर आधारण्यात आली. म्हणजेच २०२५ च्या खरिपात रोह्यातील ज्या शेतकऱ्याने पाऊस चुकविण्यासाठी भात कापले व ते कडप्यांत भिजले, त्याची हानी विम्याच्या कोणत्याही मापात बसत नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने २०२६ च्या खरिपापासून भाताचे जलमय होणे व वन्यप्राण्यांचा उपद्रव यांचा स्थानिक जोखमीत समावेश जाहीर केला. तथापि पाण्यात बुडालेले उभे भात व कापून वाळत घातलेले भात या दोन निराळ्या जोखमी आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे.

परदेशातील एक तुलना

लवकर काढणीचा प्रश्न अन्यत्रही आहे. अमेरिकेत साखरबीटाचे कारखाने वेळेवर सुरू व्हावेत म्हणून काही शेतकऱ्यांना पूर्ण वाढीपूर्वी पीक काढावे लागते. विम्यात अशा उत्पादनाचा हिशेब वेगळा करावा लागतो. तेथील उत्तरेकडील राज्यांच्या बटाटा विम्यात, पक्वतेपूर्वी काढलेल्या पिकाचे उत्पादन दर दिवसामागे दोन टक्क्यांनी वाढवून धरण्याचा नियम आहे. मात्र विमासंरक्षित कारणाने हानी झाली असून पीक शेतात ठेवल्यास ती वाढणार असेल, तर ही वाढ धरली जात नाही. तो विमा वैयक्तिक उत्पादनावर आधारित असल्याने आपल्याकडे जसाच्या तसा लागू होणार नाही. तरीही सोयीसाठी केलेली लवकर कापणी आणि नुकसान टाळण्यासाठी केलेली लवकर कापणी यांत फरक करण्याचे तत्त्व विचारार्ह आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, क्षेत्र आधारित विमा हा व्यापक आपत्तीचे संरक्षण आहे. कडप्यांतील भाताचे संरक्षण त्यातून आपोआप मिळत नाही. किनारपट्टीच्या जिल्ह्यांत भातासाठी काढणीपश्चात संरक्षण अधिसूचित होणे त्यामुळे आवश्यक वाटते. तोपर्यंत शेतकऱ्याने हप्ता भरण्यापूर्वी त्या हंगामाच्या अधिसूचनेत कोणत्या जोखमी आहेत हे पाहावे, कापणीच्या दिवसाची नोंद व छायाचित्र ठेवावे, एकाच वेळी सर्व क्षेत्र न कापता टप्प्याटप्प्याने कापावे आणि नुकसान झाल्यास पंचनाम्यासाठी ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) व सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) यांना त्वरित कळवावे. भात केव्हा कापावे याचा निर्णय शेवटी आभाळ पाहूनच घ्यावा लागतो. त्या निर्णयाची किंमत कोण सोसणार, हे मात्र कापणीपूर्वीच माहीत असले पाहिजे.