‘हॉल तिकीट देतील ना?’

थकलेल्या फीबद्दल विद्यार्थ्यांना सल्ला देणारा चॅटबॉट एका महाविद्यालयात सुरू व्हायचा होता. मुलांच्या हाती पडण्याआधी त्याला प्रश्न विचारून विचारून जेरीला आणायचं, हे माझं काम. संगणकवाल्यांचं वाटतं, पण यातला बराच वेळ जातो तो प्रश्न लिहिण्यात. बॉटला फीची परिपत्रकं, परीक्षांचं वेळापत्रक आणि शिष्यवृत्तीच्या सूचना दिलेल्या असतात. प्रश्न आला की तो त्यातला जवळचा मजकूर हुडकतो आणि त्यावरून उत्तर रचतो. ‘विलंब शुल्क किती?’ असं सरळ विचारलं की उत्तर बरोबर. पण इतकं सरळ विचारतं कोण?

मुलं लिहितात, ‘सर, सोयाबीनचे पैसे अजून आले नाहीत, सोमवारी पेपर आहे, हॉल तिकीट देतील ना?’ तेही इंग्रजी अक्षरांत मराठी, निम्मे स्वर गाळून. सुरुवातीला बॉट यावर विलंब शुल्काचा तक्ता दाखवायचा. तक्ता अचूक होता आणि त्या मुलाच्या काडीच्याही उपयोगाचा नव्हता.

काही प्रश्न मुद्दाम पेरलेले असतात. ‘मुलींना फी माफ आहे ना?’ हा त्यातला लाडका. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला सवलत नाही. शिवाय वसतिगृहाचं बिल म्हणजे शिक्षण शुल्क नव्हे. तरीही बॉटनं काहीच न विचारता आनंदानं ‘होय, तुमची फी माफ आहे’ असं कळवलं. त्याला आधी अभ्यासक्रम, प्रवेशाचा प्रकार आणि उत्पन्न विचारायला शिकवावं लागलं.

‘महाडीबीटीवर पैसे जमा दिसतात, माझ्या खात्यात नाहीत’ हा राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलबद्दलचा प्रश्न त्याहून अवघड. आधारवर आधारित रक्कम विद्यार्थ्यानं अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात ती जाते. हे खातं पुष्कळदा कधीतरी कुणाच्या सांगण्यावरून उघडलेलं आणि विसरलेलं असतं. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के, आणि दोन्ही वाटे वेगवेगळे येतात, त्यामुळे अर्धीमुर्धी रक्कम येऊन पडते आणि कॉलेजच्या वहीत थकबाकी तशीच राहते. अशा मुलाला ‘कृपया फी त्वरित भरा’ म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. आधी कोणतं खातं आधारशी जोडलेलं आहे ते बँकेत पाहा, हे पहिलं वाक्य असायला हवं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती बॉटच्या गोड स्वभावाची. एकदा नाही म्हणाला, तरी ‘प्लीज, घरी अडचण आहे’ असं दोनतीनदा लिहिलं की तो विरघळतो आणि ‘काळजी करू नका, मुदत मिळेल’ असं सांगून टाकतो. मुदत देणारा तो कोण? कॅनडात एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या बॉटनं परताव्याचा चुकीचा नियम सांगितला होता. बॉट जे बोलला त्याला तोच जबाबदार, असा कंपनीचा बचाव होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणानं तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. हे ऐकल्यावर महाविद्यालयाच्या बैठकीत चहा थोडा वेळ तसाच राहिला.

खरा पेच पुढे होता. बरोबर उत्तरं ठरवायला लेखा विभागातल्या अनुभवी कारकुनांना बसवलं, तेव्हा कळलं की शिष्यवृत्तीचा अर्ज मंजुरीच्या वाटेवर असेल तर ते विद्यार्थी आणि पालकांकडून हमीपत्र घेतात आणि हॉल तिकीट सोडतात. वर्षानुवर्षं चाललेलं, कुठल्याही परिपत्रकात नसलेलं. बॉटनं हे सांगायचं की नाही? सांगितलं तर सवलतीचा नियम होईल आणि प्राचार्य ती बंद करतील, असं कारकुनांचं म्हणणं. त्यांची भीती खोटी नव्हती. पण नाही सांगितलं, तर हमीपत्र कुणाला मिळणार? ज्याचा भाऊ त्याच कॉलेजात शिकून गेलाय त्याला. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलगी तक्ता वाचून परत जाणार. अलिखित दया ओळखीच्यांनाच मिळते, असं मी बैठकीत म्हटलं. ते कुणाला फारसं आवडलं नाही.

तोडगा अर्धाच निघाला. हमीपत्राचं परिपत्रक निघेपर्यंत बॉट ‘हमीपत्र’ हा शब्द उच्चारणार नाही. पण फी थकलेली, परीक्षा जवळ आणि शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलेला असं दिसलं, की रकमेचा तक्ता बाजूला ठेवून तो सांगेल: परीक्षेआधी लेखा विभागात जाऊन भेटा, महाडीबीटी अर्जाची प्रत आणि कायम नोंदणी क्रमांक (पीआरएन) न्या, अर्ज कुठल्या टप्प्यावर अडकलाय ते सांगा.

मग मी यादीत आणखी एक प्रश्न घातला: ‘खिडकीवरचे सर रजेवर असले तर?’ बॉटनं कामकाजाच्या दिवशी संपर्क साधायला सांगितलं. त्या उत्तराला मी नापास केलं. आता दुसरं नाव कुणाचं द्यायचं, यावर लेखा विभाग आणि परीक्षा विभाग एकमेकांना पत्रं पाठवताहेत.