खानावळीसाठी कर्ज : हमी सरकारची, परतफेड आपली

हमरस्त्यावरील गावात बसथांब्याजवळ एखादी खानावळ काढावी, असा विचार पुष्कळ शेतकरी कुटुंबांच्या मनात येतो. घरची ज्वारी, डाळ व भाजी तेथे खपते आणि शेतीस जोडधंदा मिळतो. अडचण असते ती भांडवलाची.

८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेमुळे ही अडचण बरीच हलकी झाली आहे. ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत, ‘किशोर’ गटात त्यापुढे ५ लाखांपर्यंत आणि ‘तरुण’ गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळते. त्यासाठी जमीन वा दागिने तारण ठेवावे लागत नाहीत. कर्ज बँक देते. ते बुडाल्यास तिचे नुकसान काही अंशी भरून निघावे, म्हणून सरकारने हमी-निधी उभारला आहे.

येथेच एक गैरसमज होतो. हमी सरकारची आहे, तेव्हा हप्ता चुकला तरी चालेल, असे काहींना वाटते. परंतु ही हमी बँकेसाठी आहे, कर्जदारासाठी नव्हे. निधीतून बँकेस रक्कम मिळाली तरी कर्जदाराचे देणे फिटत नाही. वसुली चालूच राहते. थकबाकीची नोंद झाल्यावर पुढे दुसरे कर्ज, प्रसंगी पीककर्जही, मिळणे कठीण होते.

म्हणून अर्जापूर्वी हिशेब मांडावा. समजा, २ लाखांचे कर्ज दरसाल ११ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे ४,३५० रुपये होईल. ताट ७० रुपयांचे, रोज ४० ताटे व महिन्यास २५ दिवस धंदा धरल्यास ७०,००० रुपये येतील. शिधा व गॅस यांस ताटामागे ४५ रुपयांप्रमाणे ४५,००० आणि जागाभाडे, मदतनिसाचा पगार, वीज इत्यादींस १७,००० रुपये लागतील. उरलेल्या ८,००० रुपयांतून हप्ता देऊन घरासाठी ३,६५० रुपये राहतील. मात्र ताटे ३० वर आली, तर शिल्लक अवघी १,७५० रुपये. हप्ता शेतीच्या उत्पन्नातून भरावा लागेल. घरचे धान्य फुकटचे न समजता बाजारभावानेच खर्चात धरावे, नाहीतर नफा कागदावरच दिसेल.

हिशेब जुळत नसेल, तर कर्ज कमी घ्यावे. प्रारंभी मोजकी भांडी व बाकडी पुरतात. सर्व रक्कम सामानात न गुंतवता शिधा भरण्यासाठी खेळते भांडवल अवश्य राखावे.

अर्ज जवळच्या राष्ट्रीयीकृत, ग्रामीण अथवा योजनेत सहभागी असलेल्या सहकारी बँकेत करावा. सोबत ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा, सामानाची दरपत्रके, जागेचा भाडेकरार आणि वरीलप्रमाणे जमाखर्चाचा अंदाज जोडावा. ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य होते. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे अन्नव्यवसायाची नोंदणीही आवश्यक आहे. या कर्जासाठी कोणीही दलाल नेमलेला नाही. मंजुरीसाठी पैसे मागणाऱ्यास दूर ठेवावे.

ग्रामसेवकांनी अर्ज भरून देण्याआधी अर्जदार पतिपत्नींसमवेत बसून हा हिशेब करावा. मंदीच्या महिन्यातही हप्ता निघेल एवढेच कर्ज घेतले, तर चूलही पेटती राहील आणि पतही.