घरगुती चित्रफितींच्या जतनासाठी कोऱ्या तबकड्यांची निवड

प्रस्तावना

लग्न, मुंज, बारसे अशा प्रसंगांचे व्हीएचएस कॅसेटवरील चित्रीकरण गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे सर्वसामान्य कुटुंबांतही रूढ झाले. पुढे या कॅसेट डीव्हीडीवर उतरवून घेण्यात आल्या आणि मूळ कॅसेट बहुधा अडगळीत गेल्या. प्रस्तुत लेखकाच्या घरी आत्याच्या १९९६ मधील लग्नाची कॅसेट होती. पाठवणीच्या वेळी आजीने म्हटलेल्या ओव्या तिच्या शेवटच्या भागात होत्या. आजीच्या आवाजाचे दुसरे ध्वनिमुद्रण नाही. २००७ मध्ये या कॅसेटची डीव्हीडी करून घेतली आणि बुरशी आलेली कॅसेट टाकून दिली. २०१९ मध्ये डीव्हीडी लावली असता जेवणाच्या पंगतीपर्यंत चित्र नीट दिसले, पाठवणी सुरू होताच ते गोठले. असे का घडते आणि तबकडी निवडताना काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तबकडीची अंतर्रचना

लेखनयोग्य डीव्हीडीमध्ये प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीचे पॉलिकार्बोनेटचे दोन थर एकमेकांस चिकटविलेले असतात. त्यांच्यामध्ये सेंद्रिय रंजकद्रव्याचा पातळ थर आणि धातूचा परावर्तक थर असतो. लेसर किरणाच्या उष्णतेने रंजकद्रव्यावर खुणा उमटतात. त्या खुणा म्हणजेच आपली माहिती. रंजकद्रव्य प्रकाश, उष्णता व आर्द्रता यांनी हळूहळू बिघडते आणि चिकटविलेल्या कडेतून आर्द्रता आत शिरू शकते. लेखन केंद्राकडून कडेकडे होत असल्याने पूर्ण भरलेल्या तबकडीत शेवटचा प्रसंग कडेलाच असतो, आणि सुमार तबकड्यांत दोषही कडेलाच अधिक आढळतात. पाठवणी का गेली, याचे उत्तर यात आहे.

सीडीची रचना निराळी आहे. तिचा माहितीचा थर नाव लिहिण्याच्या बाजूस, केवळ पातळ लेपाखाली असतो. म्हणून तिच्या वरच्या बाजूचा ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा अधिक घातक ठरतो.

नाममुद्रा व उत्पादक

वेष्टनावरील नाव आणि तबकडी घडविणारा कारखाना हे पुष्कळदा भिन्न असतात, ही बाब ग्राहकांच्या सहसा ध्यानात येत नाही. एकाच नावाच्या दोन पाकिटांत दोन देशांतील माल निघत असे. जपानमधील तायो युदेन या कंपनीच्या तबकड्यांना जाणकारांत विशेष मान होता. २०१५ च्या अखेरीस तिने हा व्यवसाय थांबविला. भारतातील मोठी उत्पादक मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली. व्हर्बॅटिम ही नाममुद्रा मित्सुबिशी केमिकलकडून तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सकडे २०१९ मध्ये गेली. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या शिफारशी आज जशाच्या तशा स्वीकारता येत नाहीत.

प्रत्येक कोऱ्या डीव्हीडीवर उत्पादकाचा सांकेतांक आधीच नोंदलेला असतो व इमगबर्नसारख्या मोफत सॉफ्टवेअरने तो वाचता येतो. मात्र प्रतिष्ठित सांकेतांकांची नक्कलही झालेली आहे. रंगावरून पारख करण्याची युक्ती सीडीपुरती काही अंशी उपयोगी होती; डीव्हीडी बहुतेक सगळ्या जांभळ्याच दिसतात. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या चाचण्यांत थॅलोसायनिन रंजक आणि सोने-चांदीच्या मिश्रधातूचा परावर्तक थर असलेल्या सीडी अधिक टिकाऊ आढळल्या होत्या.

आज नव्याने प्रत करावयाची झाल्यास सेंद्रिय रंजक टाळणे हाच सरळ मार्ग होय. एम-डिस्क प्रकारात माहितीचा थर असेंद्रिय असतो. तीवर लिहिण्यासाठी तशी सोय असलेला ड्राइव्ह लागतो. २५ गिगाबाइटच्या सर्वसाधारण ब्लू-रे तबकड्यांतही थर असेंद्रिय असतो, परंतु वेष्टनावर ‘एलटीएच’ असे छापले असल्यास तो सेंद्रिय समजावा व ती तबकडी घेऊ नये. पुनर्लेखनयोग्य तबकडीवर मजकूर पुसला जाण्याची भीती असल्याने जतनासाठी ती अयोग्य होय.

लेखन, पडताळणी व साठवण

चांगली तबकडीही वाईट रीतीने लिहिली जाऊ शकते. सोळापट वेगाची डीव्हीडी आठपट वेगाने लिहावी आणि लगेच मूळ फाइलशी पडताळून पाहावी. नुसती ‘चालते’ एवढ्यावर समाधान मानू नये, कारण प्लेअर बऱ्याच चुका गुपचूप दुरुस्त करून घेतो. वाचनातील चुका मोजण्याची सोय असलेला ड्राइव्ह मिळाल्यास सलग आठ विभागांतील प्राथमिक चुकांची बेरीज २८० च्या आत आहे ना, हे तपासावे. ही डीव्हीडीच्या मानकातील मर्यादा आहे. कागदी चिकटपट्टी लावू नये. तबकडी उभी, अंधारात, शक्यतो २० अंश सेल्सिअसखाली व ५० टक्क्यांपेक्षा कमी आर्द्रतेत ठेवावी, असे तज्ज्ञ सांगतात. कोकणातील पावसाळ्यात हे घरच्या कपाटात कसे साधावे, हा प्रश्नच आहे. घट्ट झाकणाचा डबा व सिलिका जेलच्या पुड्या एवढेच आपल्या हाती राहते.

आत्याच्या सासरीही त्या डीव्हीडीची एक प्रत होती. मोठ्या आशेने ती मागविली, तर तीही पाठवणीपाशीच थांबली. दोन्ही तबकड्या एकाच पाकिटातील, एकाच दिवशी लिहिलेल्या होत्या. दोन प्रती वेगळ्या उत्पादकांच्या तबकड्यांवर असाव्यात आणि तिसरी हार्ड डिस्कवर असावी, असा आग्रह त्यामुळेच धरावासा वाटतो. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लेखनयोग्य ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन बंद केले आणि नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्हही सहसा नसतो. म्हणून कपाटातील जुन्या डीव्हीडी याच सुट्टीत एकेक करून, शेवटच्या मिनिटापर्यंत चालवून पाहाव्यात आणि ज्या अजून वाचता येतात त्यांच्या प्रती आधी कराव्यात.