नवा बॉयलर बसवला, तरी रेडिएटर थंडच?

मंडळी, यूकेत स्वतःचं घर घेतलं की कधी ना कधी जुना बॉयलर बदलायची वेळ येतेच. दोन-तीन हजार पौंड सहज जातात. इंजिनिअर सगळं बसवून जातो, नळाला छान गरम पाणी येतं आणि संध्याकाळी लक्षात येतं की एका बेडरूमचा रेडिएटर गारच आहे! घरात तान्हं बाळ असेल किंवा भारतातून आई-बाबा आलेले असतील, तर ही नुसती गैरसोय राहत नाही. फोन केला की बऱ्याचदा उत्तर येतं, "पॉवर फ्लश करावा लागेल, त्याचे आणखी काहीशे पौंड."

आम्ही दोघंही इंजिनिअर, पण सॉफ्टवेअरचे. आमच्या १९७०च्या दशकातल्या घरात माळ्यावरच्या टाकीची जुनी व्यवस्था काढून कॉम्बी बॉयलर बसवला, तेव्हा खालच्या मजल्यावरचे दोन रेडिएटर थंड राहिले. आम्हालाही फ्लशचाच सल्ला मिळाला होता. प्रत्यक्षात एका व्हॉल्व्हची पिन अडकलेली होती आणि दुसरा व्हॉल्व्ह चक्क बंद होता. त्या निमित्ताने जे शिकलो, ते इथे मांडतो आहोत.

दोष बहुधा बॉयलरचा नसतो

बॉयलर पाणी तापवतो. ते प्रत्येक खोलीत पोचतं पंप, पाइप आणि व्हॉल्व्ह यांच्यामुळे. बॉयलर बदलताना सगळं पाणी काढून पुन्हा भरतात. त्यात हवा शिरते, वर्षानुवर्षं तळाशी बसलेला गाळ हलतो आणि कित्येक वर्षं न फिरवलेले व्हॉल्व्ह अडकतात. म्हणून तक्रार नेमकी नवा बॉयलर आल्यावरच सुरू होते.

आधी नकाशा काढा

सॉफ्टवेअरमध्ये लॉग न बघता कोणी दुरुस्तीला बसत नाही. इथेही तसंच करा. घरातले सगळे टीआरव्ही (रेडिएटरवरची आकडे असलेली गोल मूठ) पूर्ण उघडा, थर्मोस्टॅट २५ वर ठेवा आणि तासभर थांबा. मग कागद घेऊन खोलीखोलीत फिरा. कोणता रेडिएटर गरम, कोणता थंड? थंड असेल तर वरून, खालून की पूर्ण? त्याला जोडलेल्या दोन पाइपांपैकी गरम कोणता? हात जपून लावा, पाइप चांगलाच चटका देतात. बहुतेक उत्तर या कागदावरच मिळतं.

१. सगळेच थंड, पण नळाला गरम पाणी

आधी साध्या गोष्टी बघा. बॉयलरवरचं हीटिंगचं बटण 'फक्त गरम पाणी' अशा स्थितीत नाही ना? टायमरवरची वेळ बरोबर आहे ना? वायरलेस थर्मोस्टॅट बॉयलरच्या रिसीव्हरशी जोडला गेला आहे ना? प्रेशरचा काटा १च्या खाली तर नाही ना? गरम पाण्याचं वेगळं सिलिंडर असेल तर हीटिंगकडचा मोटराइज्ड व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो. हे सगळं ठीक असेल तर बसवणाऱ्यालाच बोलवा, ते त्याचं काम आहे.

२. वरून थंड, खालून गरम

आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करा आणि रेडिएटर गार होऊ द्या. वरच्या टोकाला छोटा चौकोनी स्क्रू असतो. त्याला छोटी चावी लावून, खाली फडकं धरून पाव ते अर्धा फेरा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. फुस्स आवाज येईल. पाणी यायला लागलं की लगेच बंद करा. खालच्या मजल्यापासून सुरुवात करून वर जा.

हवा गेली की प्रेशर उतरतं. थंड असताना काटा १ ते १.५ बारच्या मध्ये हवा. कमी असेल तर बॉयलरच्या पुस्तिकेप्रमाणे फिलिंग लूपने पाणी भरा आणि नंतर व्हॉल्व्ह नीट बंद करा. लूप उघडा राहिला तर प्रेशर ३ बारला जाऊन सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर फेकतो.

एकाच रेडिएटरमध्ये दर आठवड्याला हवा जमत असेल तर सोडून देऊ नका. आतला पत्रा गंजत असला की हायड्रोजन तयार होतो, तोच वर साठतो. तसंच प्रेशर सारखं उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. टाकीच्या व्यवस्थेत खालच्या मजल्यावर साधारण अर्धा बार दाब असे. कॉम्बीवर तो दुपटी-तिपटीने वाढतो आणि जुने सांधे झिरपू लागतात.

३. वरून गरम, खाली मध्यभागी थंड

हा काळा गाळ, म्हणजे गंजातून तयार झालेलं मॅग्नेटाइट. जड असल्यामुळे तो तळाशी बसतो. एक-दोनच रेडिएटर असे असतील तर ते काढून अंगणात होजपाइपने धुतले तरी चालतं. तेही प्लंबरकडून करून घ्या, कारण तो गाळ कार्पेटवर सांडला तर डाग निघत नाही. बरेच रेडिएटर असे असतील, तर मात्र पॉवर फ्लशचा सल्ला योग्य आहे. ८ किंवा १० मिलिमीटरच्या बारीक तांब्याच्या पाइपांची घरं असतात, तिथे पाइपच तुंबलेला असू शकतो.

४. एक-दोन रेडिएटर पूर्ण थंड

टीआरव्हीची मूठ हाताने सोडवून काढा. आत छोटी पिन दिसेल. ती एखाद्या सपाट वस्तूने हलकेच दाबा, ती दबून आपोआप वर यायला हवी. अडकली असेल तर वंगणाचा थेंब टाकून हळूहळू खाली-वर करा. पकडीने ओढू नका, पिन हातात आली तर पाण्याचं कारंजं उडेल. पिन ठीक असेल तर दुसऱ्या टोकाच्या टोपीखालचा लॉकशील्ड व्हॉल्व्ह बघा. काम करताना बंद केलेला हा व्हॉल्व्ह उघडायचा विसरणं अगदी नेहमीचं आहे.

५. जवळचे रखरखीत, लांबचे कोमट

आपल्याकडच्या कालव्यासारखं आहे हे. मुखाजवळचे शेतकरी पाणी खेचतात आणि टेलच्या शेतकऱ्याची पाळी कोरडी जाते. पाणी सोप्या वाटेनेच जाणार! उपाय म्हणजे मुखाजवळची दारं थोडी खाली करणं. त्यालाच इथे बॅलन्सिंग म्हणतात. सगळे लॉकशील्ड पूर्ण उघडा, थंड घरात हीटिंग सुरू करा आणि रेडिएटर कोणत्या क्रमाने तापतात ते लिहून ठेवा. मग पहिल्याचा लॉकशील्ड पूर्ण बंद करून फक्त पाव फेरा उघडा, पुढच्यांचा थोडा थोडा जास्त, आणि सगळ्यात शेवटच्याचा पूर्ण उघडा ठेवा. एक शनिवार जातो, खर्च मात्र शून्य.

६. सगळेच सारखे कोमट

हा दोष नसूही शकतो. जुना बॉयलर ७५-८० अंशांचं पाणी पाठवायचा, रेडिएटरला हात लावता येत नसे. २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये साधारणपणे कंडेन्सिंग बॉयलरच बसवावे लागतात. परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असलं तरच ते खऱ्या अर्थाने गॅस वाचवतात. म्हणून नवा बॉयलर मुद्दाम कमी तापमानावर, जास्त वेळ चालवतात. खोली २० अंशांपर्यंत पोचत असेल तर रेडिएटर कोमट असला तरी काळजी नको.

खोलीच गार राहत असेल, तर हे लक्षात घ्या: रेडिएटरमधलं पाणी सरासरी ७० अंश असताना जितकी उष्णता मिळते, ५० अंशांना तिच्या साधारण निम्मीच मिळते. कडाक्याच्या थंडीत हीटिंगचं तापमान पाच-दहा अंशांनी वाढवा. सिलिंडर असलेल्या घरात मात्र साठवलेलं पाणी ६० अंशांपर्यंत तापायलाच हवं, नाहीतर लिजनेला जंतूंचा धोका असतो. तिथे बॉयलरचं तापमान फार उतरवू नका.

बसवणाऱ्याकडून काय मागावं

शेवटचा हप्ता देण्याआधी चार गोष्टी विचारा. जुनी यंत्रणा धुऊन घेतली का? गंजरोधक इनहिबिटर घातलं का? चुंबकीय फिल्टर बसवला का? बेंचमार्क तक्ता भरला का? या नोंदी नसतील तर पुढे वॉरंटीच्या वेळी वाद होतो. इंग्लंड-वेल्समध्ये बिल्डिंग रेग्युलेशनचं प्रमाणपत्रही यायला हवं, घर विकताना ते मागतात. काम नीट झालं नसेल तर २०१५च्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टखाली ते पुन्हा करून मागण्याचा हक्क आहे. आपण बऱ्याचदा भिडेपोटी गप्प बसतो. तसं करू नका. काढलेला नकाशा जोडून ईमेल पाठवा, उत्तर लवकर येतं.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी यातलं काही स्वतः करू नये. इंग्लंडमध्ये हीटिंग चालू ठेवण्याची जबाबदारी १९८५च्या कायद्याने घरमालकाची आहे. त्याला लेखी कळवा.

आणि एक गंभीर गोष्ट

वर सांगितलेलं सगळं पाण्याच्या बाजूचं आहे. बॉयलरचं कव्हर आणि गॅसचा पाइप यांना हात लावायचा नाही, ते काम गॅस सेफ रजिस्टरवर नोंद असलेल्या माणसाचंच. (पूर्वीच्या कॉर्गीची जागा २००९ मध्ये या रजिस्टरने घेतली.) त्याचं ओळखपत्र बघायला संकोच करू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात हवाच, कारण या वायूला वास नसतो. गॅसचा वास आला तर खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणांना हात लावू नका, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा.

तर मंडळी, थंडी जोरात सुरू व्हायच्या आत एका शनिवारी हीटिंग लावून घरभर एक फेरी मारा. कागद-पेन्सिल आणि ती छोटी चावी जवळ असू द्या. डिसेंबरात प्लंबर मिळणं किती कठीण असतं, ते आपण सगळेच जाणतो!