मूमिनांचे घर

फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे 1914 साली जन्मलेल्या तूव्हे यान्सन यांचे वडील व्हिक्टर हे शिल्पकार, तर आई सिग्ने या चित्रकार असून तेथील टपालखात्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे तिकिटांची संकल्पचित्रे रेखाटली. तेव्हा ज्या बिऱ्हाडात एकीकडे पुतळे आकारास येत आणि दुसरीकडे आईच्या चित्रांवरील शाई वाळत असे, तेथील कन्येने लेखणी व कुंचला दोन्ही हाती घ्यावीत, यात नवल ते काय? पाणघोड्यासारख्या गोलमटोल नाकाच्या मूमिनांची त्यांची पहिली कथा 1945 साली निघाली. 1954 पासून लंडनच्या एका सायंदैनिकात त्यांची चित्रमालिका सुरू झाली आणि ती पुढे धाकटे बंधू लार्स यांनी चालविली.

परंतु प्रस्तुत लेखकास या साऱ्या कीर्तीहून अधिक मोह पडतो, तो बाईंच्या हस्तकौशल्याच्या एका कृतीचा. साठी उलटल्यावर, म्हणजे लौकिकाची काडीमात्र ददात नसताना, सहचरी तूलिक्की पिएतिला आणि वैद्यकीय व्यवसायातील स्नेही पेंत्ती एइस्तोला यांच्यासमवेत त्यांनी मूमिनांचे दोन मीटरांहून उंच घर, खोल्या, जिने आणि चिमुकल्या सामानसुमानासह, केवळ हौसेखातर उभारले. ते आज ताम्पेरे येथील मूमिन संग्रहालयात पाहावयास मिळते.